श्रावण सोमवार आणि हिरवी पट्टी

लातूरच्या बसस्थानकावर रोज सकाळी एक प्रवेश रंगतो. त्याला तिकीट नाही, तिसरी घंटा नाही. अहमदपूरची लाल गाडी चिखल उडवत फलाटाला लागते, वाहक दार उघडतो आणि उतारूंच्या आधी खाली येतात ते डबे. कुणाचा कापडी पिशवीत, कुणाचा धडुत्यात गच्च बांधलेला, कुणाच्या झाकणावर लग्नात कोरून घेतलेलं नाव. आत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखाद्यात आदल्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी केलेला शिरा. चाकूर, अहमदपूर आणि आसपासच्या गावांतल्या आया अंधार असतानाच चूल पेटवतात आणि लातुरात खोली घेऊन शिकणाऱ्या आपल्या लेकरांना एस.टी.तून डबा धाडतात. डबा गाडीत चढला की आईचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं भीमाशंकरमामांचं.

भीमाशंकरमामा म्हणजे या प्रवेशातले मुरलेले नट. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगात खाकी सदरा, आणि गाडीचा नुसता हॉर्न ऐकून कुठल्या गावची ते सांगणारे कान. डबे उतरवून घ्यायचे, रिक्षात रचायचे आणि वसतिगृहांच्या, खोल्यांच्या दारी पोचवायचे, हा त्यांचा धंदा. इतकी वर्षं सगळं तोंडपाठ होतं. फार तर झाकणावर खडूची एक रेघ. पण पोरं वाढली, डबे वाढले आणि आयांच्या हातात फोन आले. रिक्षाच्या हँडलवर एक हात, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर एकच प्रश्न: पोचला का?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला वर्षाराणी रंगमंचावर आली.

ती चाकूरजवळच्या एका खेड्यातली. वडील श्रीमंतअण्णा वर्षभर शेतकरी आणि गावच्या यात्रेत एका रात्रीपुरते नट. लेकीचं नाव वर्षाराणी ठेवलं तेही एका नाटकातल्या राणीचा शालू डोळ्यांत भरला म्हणून. ती स्वतः लातुरात डब्यावरच शिकली. वसतिगृहाच्या ओसरीत एक दगडी कट्टा होता, त्यावर सगळ्यांचे डबे ओळीनं मांडलेले असत. वर्षाराणीचा हमेशा तिसरा. नाव वाचायची गरज नव्हती. तिसरा तो आपला, एवढं ठाऊक असलं की भूक भागायची. पुढं नांदेडला इंजिनिअरिंग झालं, तिथंच काही वर्षं नोकरीत लोकांसाठी मोबाइलची ॲप बनवली. मग देगलूरचा रुद्रेश नावाचा सहकारी आणि ती, दोघांनी मिळून लातुरात कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि स्वतःचं काम सुरू केलं. भीमाशंकरमामांचं ॲप हे त्यांचं पहिलं असं काम, ज्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

काम तिनं जीव लावून केलं. सगळ्या ॲपचा प्राण म्हणजे एक पट्टी. पट्टीवर लेकराचं नाव, गाव, गाडी, खोलीचा पत्ता आणि उजव्या कडेला एक गोल. डबा दारी पोचला की मामांनी गोलावर बोट टेकवायचं, पट्टी हिरवी व्हायची. फेरी संपली की खालचं 'फेरी झाली' दाबायचं, मग जी जी पट्टी हिरवी, त्या त्या घरी निरोप जायचा. ही पट्टी तिनं एकदाच बनवली आणि तीन ठिकाणी वापरली: मामांच्या फोनवर, आईच्या फोनवर आणि वसतिगृहाच्या फोनवर. तिच्या धंद्यात अशा तुकड्याला कंपोनंट म्हणतात. तुकडा एकच, त्यात नाव-गाव वरून ओतायचं. ज्या घरचं ओताल त्या घरची पट्टी. रुद्रेशला हे समजावताना ती खुशीत म्हणाली होती की आपण एकच डबा घडवलाय, भाजी ज्याची त्याची.

एका आईची दोन लेकरं लातुरात असतील तर दुसऱ्यासाठी आणखी एक पट्टी जोडता यावी, म्हणून तिनं 'दुसरं लेकरू' असंही एक बटण दिलं. आणि ज्या दिवशी डबा नाही त्या दिवसासाठी 'आज उपवास'. आईनं ते दाबलं की पट्टी त्या दिवसापुरती यादीतून निघून जायची.

आषाढभर सगळं लोण्यासारखं चाललं. मामांचा फोन वाजायचा थांबला. त्यांच्या घरी गौरम्मामामी म्हणाल्या की लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस न्याहारी पूर्ण करून उठून राहिलाय.

मग श्रावण लागला आणि पहिल्याच सोमवारी गडबड झाली. एका पोरीचा डबा रिक्षातच राहिला आणि तिच्या घरी मात्र पोचल्याचा निरोप गेला. मामांना वाटलं आपलंच बोट चुकलं. मंगळवार ते रविवार सगळं ठीक. दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच, या वेळी पोरगी दुसरी. शिवाय ज्या पट्टीवर मामांनी बोट टेकवलं होतं ती पुन्हा पांढरी दिसायला लागली, म्हणून ते एकाच दारी दोनदा जाऊन आले आणि त्या दाराच्या पोरांनी त्यांची टिंगल केली ती वेगळीच.

या वेळची पोरगी होती शिवानी, अहमदपूरची. तिची आई उमाबाई. अहमदपूरला धान्याच्या मोंढ्याजवळ त्यांचं किराणा दुकान आहे, नवरा तिथल्या आडतीच्या दुकानात कामाला असतो, दुकान त्या एकट्या ओढतात. बाई तोलून बोलणारी. त्यांनी दुपारी वर्षाराणीला फोन केला. भांडायला केलाय असं वाटेना, आवाज इतका खाली होता.

"बाई, पट्टी हिरवी झाल्याबिगर मी ताट वाढून घेत न्हाई," उमाबाई म्हणाल्या. "आज हिरवी दिसली म्हनून निवांत जेवले. आन् माझी लेक तिकडं उपाशी. सांगा, ते जेवन माझ्या अंगाला लागंल का?"

वर्षाराणीनं माफी मागितली, ती उमाबाईंनी सरळ ऐकून घेतली आणि शेवटी इतकंच सांगितलं की आता त्या रोज लेकीला उघडलेल्या डब्याचा फोटो मागणार, हिरव्या रंगाचा भरवसा धरणार नाहीत. फोन ठेवल्यावर वर्षाराणीला वसतिगृहाची ओसरी आठवली. तीही कधीकाळी त्या कट्ट्यावर तिसऱ्या डब्याची वाट बघणारी पोर होती. तिच्याही आईनं असंच कुणाच्या तरी भरवशावर ताट वाढून घेतलं असेल.

संध्याकाळी मामा स्वतः जिना चढून वर आले. छत्री दारात उभी केली, पाण्याचा ग्लास नको म्हणाले, आणि सोमवारचा उपवास असल्यानं खुर्चीवर बसल्याबरोबर चहा तेवढा घेतला.

"वर्षाबाई, राग मानू नको," ते म्हणाले. "पन सोमवारी मशीनला काय होऊन राहिलं ते महादेवालाच ठावं. येत्या सोमवारी एक जरी लेकरू उपाशी राहिलं तर मी आपला खडू काढनार. माझ्यावर आयांचा जिम्मा हाय, मशीनचा न्हाई."

ते गेल्यावर रुद्रेश म्हणाला की महादेवाला मोबाइल आवडत नसावा. वर्षाराणी हसली नाही तेव्हा त्यानं चूक ओळखली आणि खाली जाऊन तिच्यासाठी राजगिऱ्याचा लाडू घेऊन आला, कारण सोमवार तिचाही असायचा.

आठवडाभर दोघं त्या पट्टीच्या मागं लागले. खोट्या नावांच्या पोरी भरल्या, खोटे डबे पोचवले, हिरवं केलं, पांढरं केलं. काही चुकेना. रुद्रेशनं फोनचं घड्याळ सोमवारवर नेऊन पाहिलं, तरी चुकेना. शेवटी त्याचा अंदाज असा, की सोमवारी मामा उपाशीपोटी असतात, बोट थरथरत असेल. वर्षाराणीनं त्याला सुनावलं की मामांचं बोट तुझ्या-माझ्यापेक्षा पक्कं आहे. मग तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरची माणसं हरली की तेलुगूत हरतात, असं ती त्याला चिडवायची.

तिसऱ्या सोमवारची सकाळ उजाडली तरी हातात काही नव्हतं. तिनं ठरवलं, यादीकडं नुसतं बघत बसायचं नाही, मामांबरोबर फेरीला जायचं. निदान आज कुणी उपाशी राहू नये एवढं तरी डोळ्यांनी बघता येईल.

बसस्थानकावर बारीक झड लागली होती. मामांनी स्थानकासमोरच्या दोन दारी डबे देऊन बाकीचे रिक्षात रचून ठेवले होते. त्यांच्या फोनच्या मागं गौरम्मामामींनी रबर लावून बेलाचं पान अडकवलं होतं. ते वर्षाराणीनं पाहिलं, आणि ती बघतेय ते मामांनी पाहिलं.

"भिजशील पोरी," मामा म्हणाले. "खिळ्यावरचा रेनकोट घाल. कुनाचा बी असंना, इथं ज्याला लागला त्यानं घालायचा."

चहाच्या गाड्यामागं भिंतीला खिळा होता, त्यावर एक निळा रेनकोट. वर्षाराणीनं तो अंगात चढवला, सवयीनं खिशात हात घातला, आणि हाताला लागली एक तंबाखूची चंची. वर चुन्याची डबी. कुणा हमालाची असावी. तिनं ती बाहेर काढून तळहातावर धरली आणि तिथंच, डब्यांच्या गर्दीत, हसत सुटली. मामा घाबरले. त्यांना वाटलं उपवासानं पोरीला भोवळ आली.

तिला अण्णा आठवले होते, आणि अण्णांचा तो काळा कोट.

गावच्या यात्रेतल्या नाटकात साऱ्या मंडळींना मिळून कोट एकच होता. पहिल्या अंकात तो वकिलाच्या अंगात, तिसऱ्या अंकात डॉक्टरच्या. मधल्या वेळात विंगेतल्या खुंटीवर. वकील व्हायचा बजरंग शिंपी, आणि डॉक्टर व्हायचे तिचे अण्णा. तिसरा अंक म्हणजे नाटकाचा कळस. नायक खाटेवर शेवटचा श्वास मोजतोय, नायिका पायाशी रडतेय, बायकांनी पदर डोळ्यांना लावलेत. डॉक्टरनं घाईघाईनं आत यायचं, खिशातून ताप बघायची नळी काढायची आणि मान हलवायची. अण्णा आले, रुबाबात खिशात हात घातला आणि बाहेर काढली बजरंगची तंबाखूची चंची. नळी अण्णांनी कोट खुंटीवर असताना दुसऱ्याच खिशात सरकवून ठेवली होती, ते त्या क्षणी कुठलं आठवायला. समोर सारं गाव. अण्णांनी चंचीकडं पाहिलं, मरणाऱ्या नायकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "याला आधी चिमूटभर द्या, मग बघू." नायक खाटेवर उठून बसला आणि पोट धरून हसला. शोकांतिका तिथंच संपली. गावात आजही अण्णांना डॉक्टरसाहेब म्हणतात, आणि अण्णा त्या हाकेला छाती काढून ओ देतात. दुसऱ्या वर्षापासून भागवत गुरुजींनी, जे पडदा ओढायचे, नियमच केला: कोट खुंटीवर जाताना खिसे उलटे करून जाईल, आणि ज्याचं सामान त्याच्या नावाच्या थैलीत.

वर्षाराणी हसायची थांबली. चंची अजून हातात होती.

हिरवा रंग कुठं ठेवलाय, ती मनात म्हणाली. पट्टीच्या खिशात. आणि पट्टी कुणाची ते ॲप कशावरून ओळखतं? जागेवरून. पहिली, दुसरी, तिसरी. तिनंच तसं लिहिलं होतं, तिसरा तो आपला म्हणणाऱ्या पोरीनं.

तेवढ्यात मामांच्या हातातल्या फोनवर तिच्या डोळ्यांदेखत ते घडलं. कुठल्याशा खेड्यातली एक आई महादेवाच्या देवळातून घरी परतली असणार, ओले पाय पुसून तिनं फोन हातात घेतला असणार आणि 'आज उपवास' दाबलं असणार. यादीच्या मधली एक पट्टी निघून गेली. खालची सगळी नावं एकेक जागा वर सरकली. हिरवा रंग मात्र होता त्या खुंटीवरच राहिला. आधीच पोचवलेलं नाव पांढऱ्यात आलं आणि त्याच्या खालचं नाव, ज्याचा डबा अजून रिक्षात होता, आयत्या हिरव्या कोटात जाऊन उभं राहिलं.

इतर दिवशी यादी फेरीच्या आधीच पक्की व्हायची. श्रावणातल्या सोमवारी तेवढी ती फेरी चालू असताना हलायची, कारण आया आधी देवळात जात आणि मग फोनकडं वळत. तिच्या खोट्या पोरी आठवडाभर मुकाट डबे घेत राहिल्या. त्यांतल्या एकीनंही कधी उपवास धरला नव्हता.

त्या दिवशीची उरलेली फेरी तिनं खडूनं केली. स्वतःच्या हातानं प्रत्येक झाकणावर रेघ ओढली, प्रत्येक दारी उतरली, आणि 'फेरी झाली' दाबायचं सोडून प्रत्येक आईला डबा पोचल्याचं मामांच्या फोनवरून सांगितलं. कुणी उपाशी राहिलं नाही. मामा म्हणाले की खडूनं भागलं, मशीननं न्हाई. तिनं मान्य केलं आणि फक्त एक सोमवार आणखी मागितला. मामांनी रेनकोटाच्या खिशातून डोकावणाऱ्या चंचीकडं बघत होकार दिला. चंची ज्याची होती तो हमाल तोवर शोधत आला होता.

दुपारी वरच्या खोलीत तिनं रुद्रेशला कोटाची सगळी गोष्ट सांगितली, हावभावांसकट. अण्णांचं ते वाक्य तिनं अण्णांच्याच आवाजात म्हटलं. रुद्रेश हसता हसता टेबलावर पडला, मग एकदम सरळ झाला, कारण त्यालाही दिसलं. पुढचं काम अवघड नव्हतं. हिरवा रंग पट्टीपाशी ठेवायचा नाही. तो वर, सगळी यादी सांभाळणाऱ्या भागाकडं ठेवायचा, प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या ओळखीखाली, जी ओळख तो यादीत कुठंही असला तरी बदलत नाही. पट्टीनं वरून आलेलं दाखवायचं आणि आपल्यावर बोट टेकलं की तेवढं वर कळवायचं. स्वतःच्या खिशात काही म्हणजे काही ठेवायचं नाही. रुद्रेशनं या वेळी खोट्या पोरींना भरपूर उपवास घडवले. एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळे. नावं सरकली, रंग त्यांच्याबरोबर सरकले.

त्या संध्याकाळी तिनं अण्णांना फोन केला आणि सांगितलं की तुमच्या कोटानं माझं काम वाचवलं. कसं ते अण्णांना फारसं उमगलं नाही. पण त्यांनी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

चौथा सोमवार आला. झड थांबली होती, फलाटावर कोवळं ऊन पडलं होतं. वर्षाराणी मामांच्या शेजारी रिक्षात बसली, फोन मामांच्याच हातात. फोनच्या मागं बेलाचं पान होतंच, ताजं. अर्धी फेरी झाली आणि यादीतली एक पट्टी गेली. मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. नावं वर सरकली, आणि प्रत्येक नाव आपापला रंग घेऊन सरकलं. थोड्या वेळानं आणखी एक गेली. तरी तेच. शिवानीची पट्टी पांढरीच होती. मामा तिच्या दारी थांबले, डबा तिच्या हातात दिला, बोट टेकवलं, पट्टी हिरवी झाली. उमाबाईंना कळवायला वर्षाराणीनं फोन काढला, पण मामांनी तिला हातानंच थांबवलं. निरोप जाईल तेव्हा जाईल, म्हणाले, सगळ्यांबरोबर.

शेवटच्या दारी डबा देऊन ते परत रिक्षात बसले. 'फेरी झाली' दाबणार, तोच त्यांचं बोट अडलं. यादीच्या अगदी तळाशी एक पट्टी अजून पांढरी होती. रिक्षात मागं, सीटच्या कोपऱ्यात, कापडी पिशवीत बांधलेला एक डबाही उरला होता. मामांनी चष्मा वर सरकवून नाव वाचलं आणि फोन वर्षाराणीपुढं धरला.

वर्षाराणी. गाडी अहमदपूर. पाठवणार उमाबाई. उमाबाईंनी 'दुसरं लेकरू' दाबलं होतं.

"सकाळपासून पाहून राहिलो," मामा म्हणाले. "म्हटलं, शेवटी सांगू."

तिनं पिशवीची गाठ सोडली. वरच्या पुडात भगर, खालच्यात शेंगदाण्याची आमटी, अजून कोमट. सोमवार पाळते हे उमाबाईंना कुणी सांगितलं, हे विचारायची गरजच नव्हती. मामा रस्त्याकडं बघत बसले होते.

त्यांनी वर्षाराणीच्या नावावर बोट टेकवलं. पट्टी हिरवी झाली. मग त्यांनी 'फेरी झाली' दाबलं, आणि सदऱ्याच्या खिशातला खडूचा तुकडा काढून तिच्या डब्याच्या झाकणावर, केवळ जुन्या सवयीनं, एक रेघ ओढली.

अहमदपूरला उमाबाईंनी तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढलं असेल आणि ताट वाढून घेतलं असेल. इकडं रिक्षात बसल्या बसल्याच वर्षाराणीनं भगरीचा पहिला घास घेतला. त्या दिवशी लेकीकडं डब्याचा फोटो कुणी मागितला नाही.